वॉशिंग्टन आणि देवीची सक्तीची टोचणी

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या चेहऱ्यावर देवीचे पुसट व्रण होते. २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात जन्मलेले वॉशिंग्टन १७५१ मध्ये क्षयाने आजारी असलेले सावत्रभाऊ लॉरेन्स यांच्यासोबत बार्बाडोस बेटावर गेले. हवापालटाचा लॉरेन्स यांना उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. जॉर्ज यांना तेथे देवी आल्या. त्यातून ते वाचले आणि या रोगापासून जन्मभराचे अभय घेऊन परतले. त्याचे मोल पाव शतकाने कळले.

जुलै १७७५ मध्ये त्यांनी बोस्टनला वेढा देणाऱ्या वसाहतींच्या सैन्याची सूत्रे हाती घेतली. शहर ब्रिटिशांकडे होते आणि तेथे देवीची साथ होती. बहुसंख्य ब्रिटिश शिपायांना लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील तरुणांना मात्र हे संरक्षण नव्हते. डिसेंबरात बातमी आली, की ब्रिटिश सेनापती हाऊ मुद्दाम रोगी माणसे शहराबाहेर धाडीत आहेत. वॉशिंग्टन यांनी प्रथम विश्वास ठेवला नाही. बाहेर पडलेल्यांत देवीचे रोगी आढळू लागले, तेव्हा त्यांचा संशय बळावला आणि त्यांनी तो काँग्रेसला कळवला. हाऊ यांचा तसा हेतू असल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. पण शंका अगदीच निराधार नव्हती. १७६३ मध्ये पिट किल्ल्यातील ब्रिटिशांनी देवीच्या रुग्णालयातील कांबळी मूळ रहिवाशांच्या दूतांना दिली होती.

तरीही टोचणीचा हुकूम त्यांनी लगेच काढला नाही. जेनर यांची लस १७९६ ची. त्यापूर्वीच्या पद्धतीत देवीच्या फोडातील पू निरोगी माणसाच्या कातडीला छेद देऊन घालीत. त्याने सहसा सौम्य देवी येत. तरी शंभरात एखाददुसरा दगावे, आणि टोचलेला माणूस बरा होईपर्यंत इतरांना रोग देऊ शके. काही आठवडे अर्धे सैन्य अंथरुणावर आहे, हे शत्रूला कळले तर युद्धच संपले असते. त्यामुळे मे १७७६ मध्ये त्यांनी सैन्यात टोचून घेण्यास सक्त मनाई केली. त्याच महिन्यात पत्नी मार्था यांनी मात्र फिलाडेल्फियात टोचून घेतले.

दरम्यान क्विबेकच्या मोहिमेने न टोचण्याची किंमत दाखवली. त्या सैन्याची देवीने दाणादाण उडवली. त्याचे सेनापती जॉन थॉमस स्वतः वैद्य होते. जून १७७६ मध्ये तेही देवीनेच मरण पावले.

जानेवारी १७७७ मध्ये मॉरिसटाऊनच्या हिवाळी छावणीतून वॉशिंग्टन यांनी डॉ. विल्यम शिपेन यांना सैन्याला टोचण्याचा आदेश दिला. मध्यंतरी ते पुन्हा डळमळले. पण फेब्रुवारीत निर्णय पक्का झाला. ज्यांना देवी येऊन गेल्या नव्हत्या, त्या साऱ्यांना सक्ती होती. नव्या भरतीच्या शिपायांना छावणीत पोहोचण्यापूर्वी, वाटेतच टोचायचे ठरले. सारे गुप्तपणे चालले. काही शिपाई टोचणीनेच दगावले. पण क्विबेकसारखी दशा पुन्हा ओढवली नाही.

शत्रूने रोग मुद्दाम पसरवला का, या प्रश्नाच्या उत्तरावर वॉशिंग्टन यांचा निर्णय अवलंबून नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. रोग हेतुपुरस्सर येवो वा आपोआप, असुरक्षित सैन्य ही दुबळी बाजू होती आणि तेवढीच त्यांच्या हाती होती. त्याच वर्षी भावाला लिहिताना त्यांनी टोचणीवर बंधने घालणाऱ्या व्हर्जिनियाच्या कायद्यावर टीका केली आणि मुलांना टोचणे कुटुंबप्रमुखांवर बंधनकारक करणारा कायदा आपल्याला अधिक पसंत पडेल, असे कळवले. १४ डिसेंबर १७९९ रोजी त्यांचे निधन झाले.

१९८० मध्ये देवीचे निर्मूलन जाहीर झाले. तरी २००२ मध्ये जैविक हल्ल्याच्या भीतीने अमेरिकेने आपल्या लाखो सैनिकांना देवीची लस सक्तीची केली. या खेपेस समोर साथ नव्हती, एकही रोगी नव्हता. काही सैनिकांना लसीमुळे हृदयदाह मात्र झाला. वॉशिंग्टन यांच्या तराजूत दोन्ही पारड्यांत डोळ्यांना दिसणारे मृत्यू होते. एका पारड्यात केवळ शक्यता असते, तेव्हा सक्तीचे समर्थन कितीतरी अवघड होते.