भट्टीत घर घालणारा पॅलिसी

आमचे घर कुंभाराचे. आजोबांनी आवा लावला की रात्री मी पण त्यांच्याजवळ राखणीला बसतो. आपल्या माठाला बारीक छिद्रे असतात. त्यातून पाणी पाझरते, म्हणून ते गार राहते. मग लोणच्याच्या बरणीतून तेल का पाझरत नाही? कारण बरणीवर काचेसारखा लेप भट्टीत वितळवून बसवलेला असतो. अशा लेपासाठी बर्नार्ड पॅलिसीने काय काय केले ते ऐका.

पॅलिसी सुमारे १५१० साली फ्रान्स देशात जन्मला. तो काचेवर चित्रे काढी व जमीन मोजी. पुढे तो सेंत या गावी राहू लागला. एकदा त्याने पांढऱ्या चकचकीत लेपाचा मातीचा पेला पाहिला आणि झालं, त्याला ध्यासच लागला. कुंभारकाम तर त्याला मुळीच येत नव्हते!

शिसे, कथील, तांबे, वाळू कुटून तो पूड करी, खापरांवर लावी आणि भाजी. वर्षे गेली, लेप वितळेना. त्याने पाठीवरून विटा वाहून भट्टी बांधली. सहा दिवस, सहा रात्री तो आगीपुढून हलला नाही. पुढे लाकडे संपली. तेव्हा त्याने बागेतले वेलींचे खांब, घरातली मेजे, खालच्या जमिनीच्या फळ्यासुद्धा उपटून भट्टीत घातल्या. शेजारी त्याला वेडा म्हणू लागले. कोणी म्हणे, हा खोटी नाणी पाडतो. मदतीच्या कुंभाराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून आपले कपडे दिले.

हे ऐकून आईने विचारले, की मग त्याच्या बायकोने काय करायचे? मला उत्तर देता आले नाही. बायकापोरांचे हाल झालेच.

एकदा लेप छान वितळला. पण भट्टीच्या गिलाव्यात गारगोट्या होत्या. त्या तापून फुटल्या आणि त्यांच्या चिपा लेपात रुतून बसल्या. लोक तीच भांडी स्वस्तात मागत होते. तरी त्याने ती सगळी फोडली, कारण खराब माल गेला तर आपले नाव जाईल. आमचे आजोबा चीर गेलेला माठ बाजारात नेत नाहीत. पण अख्खा आवा फोडायचा म्हणजे! आजोबा सुद्धा ऐकून गप्प बसले.

पुढे राख उडून लेप बिघडू नये म्हणून तो भांड्यांवर मातीचे डबे झाकू लागला. पंधरा-सोळा वर्षांच्या खटपटीनंतर त्याला लेप साधला. त्याच्या ताटांवर खरे वाटणारे साप, सरडे, मासे, शिंपले असत. राणी कॅथरिन दे मेदिची हिने त्याला पॅरिसला कामावर बोलावले. दगडात सापडणारे शिंपले हे एकेकाळचे जिवंत प्राणी, असे तो १५७५ सालापासून व्याख्यानांत सांगू लागला.

तो प्रॉटेस्टंट पंथाचा होता. म्हातारपणी त्यासाठी त्याला कैद केले. त्याने पंथ सोडला नाही. सुमारे १५९० साली तो बास्तीयच्या तुरुंगात मेला. चारशे वर्षांनी, १९८० नंतर, पॅरिसच्या लुव्र राजवाड्याजवळ खोदकाम झाले, तेव्हा त्याच्या कारखान्यातले साचे आणि ढीगभर खापरे निघाली.