असईची लढाई जिंकणाऱ्या वेलस्लीने भांडी बदलली आणि सैनिकांना तंबू मिळाले

ट्रेकला निघताना बॅगेतून काय काढायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. २०० वर्षांपूर्वी तो एका सेनापतीलाही पडला होता. तो म्हणजे आर्थर वेलस्ली, नेपोलियनला वॉटर्लूत हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

त्याचा जन्म १७६९ चा, आयर्लंडमधला. १७९७ मध्ये तो भारतात आला. इथली अंतरं मोठी आणि सगळं सामान बैलांच्या पाठीवर. बैल थकले की फौज थांबणार, हे त्याला इथेच कळलं.

२३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात होती. शत्रू अंदाजापेक्षा जवळ आहे हे कळताच वेलस्लीने सामानसुमान मुक्कामावर पहाऱ्यात ठेवलं, केळणा नदी ओलांडली आणि असईला लढाई दिली. लढाई तो जिंकला, पण त्याचे १५०० हून जास्त लोक ठार किंवा जखमी झाले. उरलेल्यांनी रात्र रणांगणातच काढली. जखमींची सोय लावण्यात तो अडकला आणि पाठलाग दुसऱ्या तुकडीवर सोपवावा लागला.

पुढे तो स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या सैन्याशी लढला. १८१२ च्या पावसाळी माघारीत त्याचे हजारो सैनिक थंडी, भूक आणि आजाराने कोलमडले. अंगावर तंबूच नव्हते. तंबू न्यायचे तर जनावरं हवीत, आणि तुकड्यांची खेचरं स्वयंपाकाच्या जड लोखंडी भांड्यांखाली दबलेली.

१८१३ च्या मोहिमेआधी त्याने तोडगा काढला. लोखंडी भांडी बंद. त्याऐवजी पत्र्याची हलकी भांडी, साधारण सहा जणांत एक, ती सैनिकच आळीपाळीने वाहणार. मोकळ्या झालेल्या खेचरांवर दर कंपनीला तीन तंबू. सैनिकांची पाठ मोडू नये म्हणून जाड ओव्हरकोट गोदामात ठेवले, सोबत फक्त कांबळं. जूनमध्ये त्याने व्हितोरियाची लढाई जिंकली.

१८५२ मध्ये तो वारला. आज जगाला त्याच्या नावाचे बूट आठवतात. बॅग भरताना मात्र त्याचा हिशोब जास्त कामाचा आहे. वजन कमी करायचं म्हणून आधी तंबू काढू नका, आधी भांडी बघा. जेवण एक वेळ साधं चालेल, पावसातली रात्र उघड्यावर नाही.