विश्लेषण : गुलाम, सेनापती, कैदी... १८०३ मध्ये तुरुंगात मेलेल्या तूसाँ लूव्हेर्त्यूरमुळे जगाचा नकाशा कसा बदलला?

१८०३ या एकाच वर्षात जगाच्या तीन टोकांना मोठ्या उलथापालथी झाल्या. फ्रान्सने उत्तर अमेरिकेतील लुईझियानाचा अवाढव्य प्रदेश अमेरिकेला विकून टाकला. कॅरिबियन समुद्रातील एका बेटावर कालपर्यंत गुलाम असलेल्या लोकांनी नेपोलियनच्या फौजेला हरवले. आणि आपल्याकडे असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा इंग्रजांनी पराभव केला. यातल्या पहिल्या दोन घटनांचा धागा एकाच माणसापाशी जाऊन पोहोचतो. तूसाँ लूव्हेर्त्यूर हे त्याचे नाव. यातले काहीच पाहायला तो उरला नव्हता. ७ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील एका डोंगरी किल्ल्याच्या कोठडीत त्याचा मृत्यू झाला. तो कोण होता, नेपोलियनला त्याची एवढी धास्ती का वाटत होती आणि त्याच्या मृत्यूनंतर काय घडले, याचा हा आढावा.

सँ-दोमँग ही वसाहत एवढी महत्त्वाची का होती?

हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडील सुमारे एक तृतीयांश भाग म्हणजे फ्रान्सची सँ-दोमँग ही वसाहत. आजचा हैती हा देश तो हाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जगातील सर्वांत श्रीमंत वसाहत मानली जाई. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी येथून जात असे, असा अंदाज आहे. नील आणि कापूसही येथे पिकत असे.

ही श्रीमंती गुलामांच्या श्रमावर उभी होती. १७८९ च्या सुमारास येथे सुमारे पाच लाख गुलाम होते. गोऱ्यांची संख्या सुमारे ३० हजार आणि गुलामीतून मुक्त असलेल्या कृष्णवर्णीय व मिश्रवंशीयांची संख्या त्याहून थोडी कमी होती. उसाचे मळे आणि साखरेच्या घाण्यांवरचे काम इतके जीवघेणे होते, की आफ्रिकेतून आणलेले कित्येक जण काही वर्षांतच मरत. मेलेल्यांची जागा भरायला पुन्हा जहाजे येत. गुलामांशी कसे वागावे याचा कायदा फ्रान्सने १६८५ मध्येच केला होता. त्यातील शिक्षा काटेकोर अमलात येत, संरक्षणाची कलमे मात्र कागदावरच राहिली.

तूसाँचे सुरुवातीचे आयुष्य कसे होते?

तूसाँचा जन्म १७४३ च्या सुमारास काप-फ्रान्से या शहराजवळील ब्रेदा नावाच्या मळ्यावर झाला. आईवडील गुलाम, म्हणून तोही जन्मतः गुलाम. मात्र त्याच्या वाट्याला उसाच्या फडातले काम आले नाही. तो गुरेढोरे आणि घोडे सांभाळू लागला, पुढे मळ्याच्या व्यवस्थापकाचा कोचवान झाला. घोडेस्वारीत तो तरबेज होता. वनौषधींची त्याला चांगली माहिती होती. तो लिहायला-वाचायला शिकला होता आणि श्रद्धेने कॅथलिक होता.

१७७६ च्या सुमारास तो गुलामीतून मुक्त झालेला होता. यानंतरचा एक तपशील त्याच्या चरित्रात अवघड ठरतो. मुक्त झाल्यावर त्याने काही काळ कॉफीचा एक मळा भाड्याने घेतला आणि त्यावर गुलाम राबत होते, असे कागदपत्रांवरून दिसते. त्याची पत्नी सुझान आणि मुले मात्र अजून गुलामीत होती. म्हणजे त्या व्यवस्थेच्या दोन्ही बाजू त्याने पाहिल्या होत्या. उठावाचा भडका उडाला तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता.

१७९१ च्या उठावात तो कसा आला?

ऑगस्ट १७९१ मध्ये वसाहतीच्या उत्तर भागात गुलामांनी उठाव केला. काही आठवड्यांत शेकडो मळे आणि साखरेचे कारखाने जळून खाक झाले. तूसाँ पहिल्या दिवसापासून त्यात नव्हता. व्यवस्थापकाच्या कुटुंबाला त्याने सुरक्षित जागी पोहोचवले आणि मगच तो बंडखोरांच्या छावणीत दाखल झाला.

तिथे सुरुवातीला त्याच्याकडे औषधपाण्याचे आणि पत्रव्यवहाराचे काम आले. लवकरच त्याने स्वतःची तुकडी उभी केली. इतर टोळ्या विस्कळीत असताना त्याने आपल्या माणसांना युरोपीय पद्धतीची कवायत आणि त्याबरोबर गनिमी लढाईही शिकवली. १७९३ मध्ये त्याने लूव्हेर्त्यूर हे आडनाव घेतले. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ उघडणे किंवा वाट मोकळी करणे असा होतो. शत्रूच्या फळीत तो नेमकी फट शोधतो म्हणून हे नाव पडले, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

त्याने बाजू का बदलल्या?

१७९३ मध्ये क्रांतिकारी फ्रान्सचे स्पेन आणि ब्रिटनशी युद्ध सुरू झाले. याच बेटाचा पूर्व भाग स्पेनच्या ताब्यात होता. तूसाँ आधी स्पेनच्या बाजूने फ्रान्सविरुद्ध लढला. दरम्यान, फ्रान्सचा प्रतिनिधी सोन्तोना याने २९ ऑगस्ट १७९३ रोजी वसाहतीच्या उत्तर भागातील गुलामी रद्द केली. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसमधील राष्ट्रीय सभेने फ्रान्सच्या सर्व वसाहतींतील गुलामी संपुष्टात आणली. स्पेन आणि ब्रिटन यांना मात्र गुलामी टिकवायची होती. मे १७९४ च्या सुमारास तूसाँ फ्रान्सच्या बाजूला आला.

त्यानंतर त्याची चढती कमान सुरू झाली. १७९६ मध्ये त्याने फ्रेंच गव्हर्नर लाव्हो याची कैदेतून सुटका केली आणि तो उपगव्हर्नर झाला. पुढच्याच वर्षी त्याच्याकडे सरसेनापतिपद आले. मळेवाल्यांच्या मदतीने किनारपट्टीवर ठाण मांडलेल्या ब्रिटिशांचे हजारो सैनिक लढाई आणि पीतज्वराने मेले. अखेर १७९८ मध्ये तूसाँशी करार करून त्यांना बेट सोडावे लागले. दक्षिणेतील प्रतिस्पर्धी आंद्रे रिगो याचा त्याने १८०० पर्यंत पराभव केला. १८०१ च्या सुरुवातीला स्पॅनिश भागही घेऊन त्याने संपूर्ण बेटावर अंमल बसवला.

राज्यकर्ता म्हणून तो कसा होता?

दहा वर्षांच्या युद्धाने वसाहत उद्ध्वस्त झाली होती. साखर आणि कॉफी विकल्याशिवाय दारूगोळा आणि धान्य येणार नव्हते. म्हणून तूसाँने मळे पुन्हा सुरू केले. पळून गेलेल्या गोऱ्या मालकांना परत बोलावले. मजुरांना उत्पन्नात वाटा मिळे आणि चाबकाला बंदी होती. मात्र मळा सोडून जाण्याची मोकळीक नव्हती आणि देखरेखीला लष्कर होते. स्वतःचा जमिनीचा तुकडा कसण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांना ही जुन्याच जाचाची नवी आवृत्ती वाटली. ऑक्टोबर १८०१ मध्ये उत्तरेत मजुरांचा उठाव झाला. त्याला फूस दिल्याच्या आरोपावरून तूसाँने आपला पुतण्या म्हणवला जाणारा सेनानी मोईझ याला मृत्युदंड दिला. सामान्य लोकांत त्याची प्रतिमा येथे डागाळली.

त्याआधी जुलै १८०१ मध्ये त्याने राज्यघटना जाहीर केली. त्यात गुलामी कायमची रद्द झाली होती. कातडीच्या रंगाचा विचार न करता सर्वांना सर्व नोकऱ्या खुल्या होत्या. तूसाँ मात्र तहहयात गव्हर्नर झाला होता आणि वारस नेमण्याचा अधिकारही त्याच्याकडे होता. कागदावर वसाहत फ्रान्सचीच होती, पण घटना करताना पॅरिसला विचारलेले नव्हते.

नेपोलियनने त्याला कसे पकडले?

नेपोलियनला ही घटना म्हणजे उघड बंड वाटले. शिवाय मळेवाले आणि व्यापारी जुनी व्यवस्था परत आणण्यासाठी त्याच्या मागे लागले होते. ब्रिटनशी तात्पुरता समेट होताच त्याने आपला मेहुणा जनरल लक्लेर याच्याबरोबर मोठे आरमार धाडले. १८०२ च्या सुरुवातीला सुमारे २० हजार सैनिक बेटावर उतरू लागले. फ्रान्समध्ये शिकत असलेली तूसाँची दोन मुलेही याच मोहिमेबरोबर परत पाठवण्यात आली होती. वडिलांनी शरण यावे म्हणून त्यांचा उपयोग करण्याचा बेत होता. तो फसला.

तूसाँचा सेनानी क्रिस्तोफ याने काप-फ्रान्से शहर फ्रेंचांच्या हाती देण्याऐवजी जाळून टाकले. क्रेत-आ-पियेरो येथे देसालिनच्या फौजेने फ्रेंचांचे मोठे नुकसान केले. पण एकेक सेनानी फ्रेंचांना मिळू लागले आणि मे १८०२ मध्ये तूसाँने शस्त्रे खाली ठेवली. तो आपल्या मळ्यावर राहायला गेला. ७ जून रोजी जनरल ब्रुने याने त्याला चर्चेसाठी बोलावले. तिथेच त्याला अटक करून कुटुंबासह जहाजात बसवण्यात आले.

कैदेत त्याचे काय झाले?

ऑगस्ट १८०२ मध्ये त्याला फ्रान्सच्या पूर्वेकडील झुरा पर्वतातील फोर्ट द झू या किल्ल्यात ठेवण्यात आले. समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर असलेल्या या किल्ल्यातील कोठडी दगडी आणि ओलसर होती. कुटुंबाला दुसरीकडे पाठवले होते. सोबतच्या नोकरालाही काही दिवसांत हलवण्यात आले. तूसाँने नेपोलियनला उद्देशून आपल्या कारभाराची लेखी कैफियत दिली आणि चौकशीची मागणी केली. खटला चाललाच नाही. हिवाळ्यात जळणाचे लाकूड आणि अन्न कमी करण्यात आले. आयुष्य उष्ण कटिबंधात गेलेला साठीचा माणूस तिथे फार काळ तगणे कठीणच होते. ७ एप्रिल १८०३ रोजी तो शेकोटीजवळ खुर्चीत मृतावस्थेत आढळला.

त्याच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये बेटावर काय घडले?

त्याला दूर नेले की बंड शमेल, हा फ्रान्सचा हिशेब होता. तो चुकला, कारण मे १८०२ मध्येच फ्रान्सने गुलामी कायम ठेवणारा कायदा केला होता. ग्वादलूप बेटावर गुलामी परत आणली जात असल्याची बातमी सँ-दोमँगला पोहोचली. आपल्या बाबतीत काय होणार, हे लोकांना कळून चुकले. फ्रेंचांना मिळालेले देसालिन आणि क्रिस्तोफ पुन्हा उलटले. पीतज्वराने फ्रेंच सैन्य पोखरले. स्वतः लक्लेर नोव्हेंबर १८०२ मध्ये त्याच आजाराने दगावला. त्याच्या जागी आलेल्या रोशाम्बोच्या क्रौर्यामुळे काठावरचे लोकही बंडखोरांकडे गेले. मे १८०३ मध्ये ब्रिटन-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटले आणि ब्रिटिश आरमाराने बेटाची नाकेबंदी केली. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तियेरच्या लढाईत देसालिनने निर्णायक विजय मिळवला. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

लुईझियानाच्या विक्रीशी याचा काय संबंध?

नेपोलियनच्या योजनेत सँ-दोमँग हे साखरेचे कोठार होते, तर त्याला धान्य, लाकूड आणि जनावरे पुरवण्यासाठी लुईझियाना हवा होता. बेटच हातचे जात असेल, तर लुईझियाना सांभाळणे परवडणारे नव्हते. ब्रिटनशी येऊ घातलेल्या युद्धासाठी पैसाही हवा होता. तूसाँच्या मृत्यूनंतर अवघ्या २३ दिवसांनी, ३० एप्रिल १८०३ रोजी, हा व्यवहार ठरला. दीड कोटी डॉलरमध्ये सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या भारताच्या जवळपास दोन तृतीयांश एवढा प्रदेश अमेरिकेला मिळाला आणि तिचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. यातला दैवदुर्विलास असा, की या भूमीच्या दक्षिण भागात पुढे कापूस आणि उसाच्या मळ्यांबरोबर गुलामी आणखी फोफावली. शिवाय तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या त्या वेगळ्याच.

त्याच वर्षी महाराष्ट्रात काय चालले होते?

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. डिसेंबरमध्ये देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले. सँ-दोमँगशी या युद्धाचा थेट संबंध नव्हता. पण ब्रिटन-फ्रान्स वैराची सावली दोन्हीकडे होती. शिंद्यांची कवायती पलटणे द बॉइन्य आणि पेराँ या फ्रेंच भाषक सेनानींनी घडवली होती. त्यामुळे हिंदुस्थानात फ्रेंच प्रभाव वाढेल, ही भीती गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने युद्धाच्या समर्थनासाठी वापरली.

हैतीला स्वातंत्र्याची किंमत काय मोजावी लागली?

१८०४ मध्ये देसालिनच्या आदेशाने बेटावर उरलेल्या बहुतांश फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली. गुलामी टिकवून असलेल्या देशांनी हैतीला वाळीत टाकायला हे कारण पुढे केले. अमेरिकेने हैतीला मान्यता दिली ती थेट १८६२ मध्ये. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. ती माजी मळेवाल्यांसाठी होती. म्हणजे गुलामांनी आपल्या मुक्ततेचे पैसे मालकांनाच द्यायचे. १८३८ मध्ये ही रक्कम ९ कोटींवर आली, पण ती भागवण्यासाठी काढलेल्या कर्जांची शेवटची फेड १९४७ पर्यंत चालली. शाळा, रस्ते आणि दवाखाने यांवर खर्च होऊ शकला असता तो पैसा देशाबाहेर गेला. या घटनेला २०० वर्षे झाली तेव्हा, एप्रिल २०२५ मध्ये, फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी तिच्या अभ्यासासाठी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला.

आज तूसाँकडे कसे पाहिले जाते?

१९३८ मध्ये त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ या ग्रंथातून त्याची कहाणी जगापुढे नव्याने मांडली आणि वसाहतवादविरोधी चळवळींत ती वाचली गेली. ज्या फ्रान्सने त्याला खटल्याविना कोंडले, त्याच फ्रान्सने १९९८ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये त्याच्या नावाचा लेख बसवला. हैतीत त्याला राष्ट्रपुरुष मानतात. मात्र स्वातंत्र्याची घोषणा त्याने केलेली नाही, ती देसालिनने केली. अखेरपर्यंत तूसाँ फ्रेंच प्रजासत्ताकाच्या चौकटीत गुलामीमुक्त समाज उभा राहू शकेल, असे मानत राहिला. प्रजासत्ताकानेच गुलामी परत आणायचे ठरवल्यावर त्या मार्गाला अर्थ उरला नाही. पुढचा मार्ग त्याच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांनी, त्याने कवायत शिकवलेल्या फौजेच्या बळावर, त्याच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांच्या आत पूर्ण केला.