कडू औषध आणि ख्वाजा अब्दुल हमीद

वैतरणा स्टेशनवरून लोकल पकडून मुंबई सेंट्रलला उतरलं की बेलासिस रोड जवळच. १९३५ साली डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी सिप्ला सुरू केली ती याच भागात. जन्म १८९८, अलीगढचा. असहकाराच्या लाटेत ते जामिया मिलियात शिकवू लागले. पुढे बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली, तिथेच भेटलेल्या विल्नियसच्या ज्यू तरुणीशी, लुबाशी, लग्न केलं. जुलै १९३९ मध्ये गांधीजी कारखाना पाहून गेले. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं, परदेशी औषधं येईनात, तेव्हा देशी कारखान्याचं मोल कळलं.

हमीद १९७२ साली गेले. बाळांच्या औषधाचा अवघड प्रश्न त्यांच्या कंपनीपुढे नंतर आला. एचआयव्हीवरचं एक पातळ औषध भयंकर कडू, त्यात ४० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल, वर फ्रिज हवा. आफ्रिकेतल्या खेड्यात फ्रिज कुठला? (आपल्या पाड्यांवर तरी घरोघरी कुठे असतो!) सिप्लाने त्याचे अन्नावर भुरभुरायचे बारीक दाणे केले, २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यांना तात्पुरती मंजुरी दिली. पण दाणे तोंडात रेंगाळले की कडूच. मग चार औषधं एकत्र करून स्ट्रॉबेरीच्या चवीचं औषध आलं, २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मंजूर झालं. कॅप्सूल उघडायची, दुधात नाहीतर खिमटात मिसळायची आणि बाळाला भरवायची.