गडहिंग्लजच्या मातीतला विमानशिल्पी

परदेशातून आलेले सुटे भाग जोडणे आणि नादुरुस्त विमाने पुन्हा उडण्याजोगी करणे, एवढेच काम भारतीय अभियंत्यांच्या वाट्याला येत होते, त्या काळात विमानाचा आराखडाच या देशात तयार झाला पाहिजे, असा ध्यास एका मराठी माणसाने घेतला. डॉ. विष्णू माधव घाटगे हे त्यांचे नाव. भारतीय बनावटीच्या पहिल्या विमानाचे रचनाकार म्हणून हवाई क्षेत्रात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या खेड्यात २४ ऑक्टोबर १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला. बैलगाडीच्या वाटेवर वाढलेल्या या मुलाची बुद्धी त्याला १९३० च्या दशकात थेट जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात घेऊन गेली. आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रान्टल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट संपादन केली.

गटिंगेनमधील या ज्ञानाचे मोल आजच्या प्रवाशालाही सहज कळावे असे आहे. विमानाच्या पृष्ठभागाला लगटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरातच रोधाचे मूळ दडलेले असते, हे प्रान्टल यांनी १९०४ साली दाखवून दिले. पंखाखालची अधिक दाबाची हवा टोकाकडून वर वळते, तिथे भोवरे निर्माण होतात आणि इंजिनाची शक्ती त्यात वाया जाते. तेवढ्याच वजनासाठी पंख लांब ठेवले तर हा अपव्यय घटतो, हे गणितही त्यांनीच मांडले. आजच्या कमी इंधन पिणाऱ्या प्रवासी जेट विमानांचे लांब, निमुळते पंख आणि त्यांची वर वळलेली टोके या विचाराच्याच वाटेने आली आहेत.

ही विद्या घेऊन घाटगे मायदेशी परतले, तेव्हा तिचा उपयोग करण्यासाठी भारतात विमानाचा एकही कारखाना नव्हता. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली आणि घाटगे यांना कार्यभूमी मिळाली. १९४१ साली त्यांनी दहा आसनी ग्लायडरचा आराखडा तयार केला. ग्लायडर प्रत्यक्षात बांधलाही गेला. परंतु महायुद्धाच्या धामधुमीत सरकारला नव्या रचनेपेक्षा दुरुस्तीची गरज अधिक होती. कारखाना पुढे अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीकामाला जुंपला गेला आणि स्वदेशी आराखड्याचे स्वप्न बाजूला पडले.

घाटगे मात्र स्वस्थ बसले नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीची धुरा त्यांनी वाहिली. विमाने करता येत नसतील तर विमाने करणारी माणसे घडवावीत, हाच जणू त्या वर्षांचा अर्थ होता.

स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा कारखान्यात परतले. हवाई दलाचे वैमानिक तोवर कापड ताणलेल्या टायगर मॉथ विमानावर शिकत असत. त्याच्या जागी संपूर्ण धातूचे, दोन आसनी ‘एचटी-२’ विमान घाटगे यांच्या चमूने साकारले. ऑगस्ट १९५१ मध्ये या विमानाने पहिले उड्डाण केले. घाटगे तेव्हा ४२ वर्षांचे होते. वैमानिकांच्या अनेक पिढ्यांनी उड्डाणाची मुळाक्षरे याच विमानावर गिरवली. आफ्रिकेतील घाना या देशालाही ही विमाने देण्यात आली. त्यानंतर उड्डाण क्लबांसाठी ‘पुष्पक’ आणि लष्कराच्या टेहळणीसाठी ‘कृषक’ ही विमाने तयार झाली.

जेट युगात पाऊल टाकणे त्याहून अवघड होते. शिकाऊ वैमानिकाला थेट जेटवर बसवणारे ‘किरण’ हे विमान घाटगे यांच्याच नेतृत्वाखाली आकाराला आले आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी ते आकाशात झेपावले. पुढच्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाच्या चित्तथरारक कसरती देशाने २०११ पर्यंत याच विमानावर पाहिल्या.

तथापि, ‘किरण’चा सांगाडा भारतीय असला, तरी त्याच्या पोटातले व्हायपर इंजिन मूळचे ब्रिटिश होते. विमान किती इंधन जाळणार, हे पंखांच्या रचनेइतकेच इंजिनावर ठरते आणि नेमके तेच परक्याच्या हाती राहिले. स्वतःच्या रचनेचे मोठे प्रवासी जेट भारताने अद्याप सेवेत आणलेले नाही. आपल्या विमान कंपन्यांच्या मोठ्या जेट विमानांचा आराखडा आजही परदेशातच तयार होतो. घाटगे यांनी सुरू केलेले काम कुठवर आले आणि कुठे अडले, याचा हिशेब इथे मांडावा लागतो.

६ डिसेंबर १९९१ रोजी डॉ. घाटगे यांचे निधन झाले. एअरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते. दुरुस्तीच्या शेडमध्ये आराखड्याचा पहिला कागद पसरण्याचे धाडस त्यांनी केले नसते, तर ‘एचटी-२’ आणि ‘किरण’ही झाले नसते. प्रवासी जेटचा कागद मात्र पुढच्या पिढीच्या टेबलावर अजून अपुराच आहे.