शिष्यवृत्तीची मुदत : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची विद्यार्थिदशा

यवतमाळ जिल्ह्यातील अभ्यासकेंद्रांवर पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथून येणारे आपल्यापैकी काही जण एक प्रश्न हमखास विचारतात. परदेशात पीएच.डी. करावयाची तर पैसा कोठून आणावयाचा? हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात दहा वर्षे ठाण मांडून बसला होता, अशा एका विद्यार्थ्याचे चरित्र या घटकात आपण पाहणार आहोत. डॉ. आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते. परंतु त्या पदव्यांमधील खंड कोणी सांगत नाही. येथे त्या खंडांकडे आपल्याला अधिक लक्ष द्यावयाचे आहे.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा 25 रुपयांच्या आधाराने. बी.ए. झाल्यावर जानेवारी 1913 मध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण लगेच 2 फेब्रुवारीस वडील, सुभेदार रामजी, यांचे निधन झाले. त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठविण्याचे ठरविले. 4 जून 1913 रोजी भीमरावांनी करारावर सही केली : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे चाकरी.

येथे शब्दाविषयी थोडे. शिष्यवृत्तीतील ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविका. आपल्या गावगाड्यात जोशाची वृत्ती, उपाध्याची वृत्ती वंशपरंपरेने चालत असे. ज्या घरात जन्माने केवळ महारवतन वाट्याला येत होते, त्या घरातील मुलाला गुणांवर मिळालेली ही वृत्ती होती. फरक एवढाच की हिला शेवटची तारीख होती.

जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असे विषय त्यांनी अधाशासारखे वाचले. तुटपुंज्या रकमेतून घरीही पैसे पाठवावे लागत, आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके विकत घेतली जात. 1915 मध्ये एम.ए. पदवी मिळाली. मे 1916 मध्ये त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवरील आपला प्रसिद्ध निबंध चर्चासत्रात वाचला. पीएच.डी.साठी भारताच्या राष्ट्रीय लाभांशावरील प्रबंधाचे कामही त्याच वर्षी झाले. वय 25 वर्षे. पण पदवी मात्र मिळाली नाही, कारण कोलंबियाच्या नियमानुसार प्रबंधाच्या छापील प्रती विद्यापीठाला सादर कराव्या लागत आणि छपाईची तरतूद कोणत्याही शिष्यवृत्तीत नव्हती.

त्यांनी लंडन गाठले. ऑक्टोबर 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे नाव घातले. बडोद्याकडून मिळालेली मुदतवाढ मात्र अपुरी ठरली व 1917 मध्ये परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी केलेली एक गोष्ट चरित्रग्रंथांत ओझरती येते, तरी मला ती फार महत्त्वाची वाटते. चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. हाती पैसा नव्हता, परंतु मार्ग मोकळा राहिला. महायुद्धाच्या त्या दिवसांत त्यांचे सामान वेगळ्या जहाजातून येत होते. ते पाणतीराने बुडाले आणि जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. बडोद्यास जाण्याचा खर्च त्या सामानाच्या नुकसानभरपाईतून भागला.

करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले. कोलंबियाचा हा पदवीधर दरबारच्या कचेरीत बसला, तरी शिपाई त्याच्यापुढे कागद लांबून टाकीत. राहावयास शहरात जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तेथून अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. ते मुंबईस परतले. करारातील दहा वर्षे राहिली बाजूला. ज्या समाजातून विद्यार्थी निवडला, त्याच समाजाच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे शहर त्याच्या नोकरीसाठी निवडले होते. या योजनेतील ही उणीव महाराजांच्या उदार हेतूने झाकली जात नाही, असे माझे मत आहे.

नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले. पगारातील शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, अशी जुळवाजुळव करून 1920 मध्ये, चार वर्षांची मुदत उलटण्यापूर्वी, ते पुन्हा लंडनला गेले. इकडे घरी रमाबाई ओढगस्तीत संसार चालवीत होत्या. 1921 मध्ये एम.एस्सी. झाली, पुढील वर्षी बॅरिस्टरीची सनद मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.च्या प्रबंधात मार्च 1923 मध्ये परीक्षकांनी फेरफार सुचविले. तेव्हा पैसे संपले होते. मुंबईत राहून त्यांनी तो सुधारून पाठविला, आणि नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली.

कोलंबियाचे काय झाले? ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ 1925 मध्ये लंडनला छापला गेला, त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह. आपला जिल्हा ज्यात होता, त्या मध्य प्रांत व वऱ्हाडासारख्या प्रांतांच्या तिजोऱ्या आणि मध्यवर्ती सरकार यांचे नाते हा त्याचा विषय. छापील प्रती सादर झाल्या आणि जून 1927 मध्ये पीएच.डी. बहाल झाली. कोलंबियात पाऊल ठेवल्याला तोवर चौदा वर्षे होत आली होती.

1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर त्यांनी 29 ऑक्टोबर रोजी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. बनारस आणि अलिगढ विद्यापीठांना सरकार जसे अनुदान देते, तसे अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी द्यावे, आणि त्यातून विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी विद्यार्थी परदेशी पाठवावेत, अशी त्यांची मागणी होती. आता हातात शिष्यवृत्ती घेणारा नव्हे, तर तिची तरतूद मागणारा मनुष्य बोलत होता. पुढे दरसाल तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि काही विद्यार्थी परदेशी गेले. स्वातंत्र्यानंतर, 1954-55 पासून, केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने 2003 मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्तीची योजना आणली. 1920 च्या त्या लंडनवारीला ज्यांनी हातभार लावला, त्या राजर्षी शाहू महाराजांचे नाव तिला दिले आहे.