लिंगोगाथेचे संग्राहक : रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३)

आपल्या वार्षिक स्मरणिकेतून समाजातील थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे सादर करण्याचा परिपाठ आहे. वीर बाबूराव शेडमाके ह्यांच्यासारख्या हुतात्म्यांचे स्मरण ह्या पानांतून होते आणि तसेच ते व्हावयास हवे. परंतु ज्यांचा जन्म आपल्या समाजात झाला नाही, ज्यांचा धर्म आपला नव्हता, ज्यांचा देश सात समुद्रांपलीकडे होता, अशा काही व्यक्तींचे ऋणही समाजावर असते. ते मान्य केल्याने आपला स्वाभिमान उणावत नाही, उलट तो उजळतो. ह्याच भावनेने नागपूरचे पहिले स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांचे संक्षिप्त चरित्र चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गोंड समाजबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. आपल्या पहांदी पारी कुपार लिंगोची गाथा प्रथम छापली गेली ती ह्या धर्मोपदेशकाने मागे ठेवलेल्या कागदांवरून, एवढे एकच कारण त्यासाठी पुरेसे आहे.

स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातील डन्स ह्या लहानशा गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. घर सामान्य स्थितीतले, पण धर्मनिष्ठ होते. बालपणापासूनच त्यांना ओढ्यानाल्यांकाठचे दगड, किडेकीटक व वनस्पती गोळा करण्याचा छंद होता. पुढे एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. १८४३ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये मोठी फूट पडून स्वतंत्र अशी फ्री चर्च स्थापन झाली. तरुण हिस्लॉप ह्यांनी नव्या चर्चची बाजू घेतली. त्याच सुमारास मद्रासच्या सैन्यातील कॅप्टन विल्यम हिल ह्या अधिकाऱ्याने नागपूर प्रांतात मिशन काढावे म्हणून मोठी देणगी देऊ केली. हे काम अंगावर घेण्यास हिस्लॉप पुढे आले. १८४४ च्या डिसेंबरात ते सपत्नीक मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपूरला पोचले.

त्या काळचे नागपूर म्हणजे तिसऱ्या रघूजी भोसल्यांची राजधानी होय. परंतु हे नगर मुळात वसविले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, हे आपणांपैकी कोणीही विसरू नये. आपल्या चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये भोसल्यांच्या हाती गेले होते. म्हणजे हिस्लॉप आले त्या वेळी राजवैभव जाऊन शंभर वर्षे होत आली होती. परंतु राज्य गेले तरी गाणी गेली नव्हती. परधानांच्या किंगरीवर पेनांची आणि राजांची गाथा पिढ्यानपिढ्या वाजत होती. ती कोणी लिहून मात्र ठेवली नव्हती.

हिस्लॉप ह्यांनी प्रथम मराठी भाषा आत्मसात केली. कामठीच्या छावणीत व सीताबर्डीच्या परिसरात त्यांचे कार्य सुरू झाले आणि १८४६ साली नागपूर शहरात त्यांनी शाळा काढली. १८४७ मध्ये रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. पुढे प्रकृतीच्या कारणाने हंटर मायदेशी परतले व तेथे मोठे कोशकार म्हणून नावारूपास आले. धर्मप्रसार हाच ह्या मंडळींचा मूळ हेतू होता, तो लपविण्याचे काही कारण नाही. संस्थानात त्यास विरोध झाला आणि ख्रिस्ती झालेल्यांची संख्या थोडीच राहिली. परंतु शाळेने मात्र मूळ धरले. त्याच शाळेच्या परंपरेतून १८८३ साली नागपूरचे महाविद्यालय निघाले व त्यास हिस्लॉप ह्यांचेच नाव देण्यात आले. विदर्भातील अनेक पिढ्यांनी तेथे विद्या घेतली.

हिस्लॉप ह्यांची दुसरी ओळख भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून आहे आणि तिचा संबंध थेट आपल्या मातीशी येतो. धर्मोपदेशासाठी खेड्यापाड्यांतून फिरताना त्यांची दृष्टी पायाखालच्या दगडांकडेही असे. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली येथील दगडांत एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. इंग्लंडातील प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन ह्यांनी तिचे वर्णन करून त्या प्राण्यास ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या काठी कोटा हे गाव आहे. तेथील चुनखडकात सापडलेल्या माशांच्या अवशेषांचा परामर्शही त्यांनी आपल्या लेखनात घेतला. त्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा खडकांचा थर आज जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. हिस्लॉप व हंटर ह्यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका खनिजास हिस्लॉपाइट असे नाव देऊन शास्त्रज्ञांनी त्यांचा गौरव केला.

परंतु आपल्या दृष्टीने ह्याहूनही मोलाचे असे त्यांचे काम माणसांविषयीचे आहे. मध्य प्रांतातील आदिवासींच्या चालीरीती, देवदैवते, भाषा व गीते ह्यांची माहिती ते वर्षानुवर्षे गोळा करीत होते. निरनिराळ्या जमातींचे शब्द त्यांनी शेजारी शेजारी मांडून ताडून पाहिले. गोंडी ही तेलुगू व तामिळ ह्यांच्या कुळातील भाषा आहे आणि कोरकूंची भाषा मात्र त्या कुळातली नसून कोलांच्या भाषेशी नाते सांगणारी आहे, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. गोंडीला कोणी रानटी बोली म्हणून हिणविले, तर तिचे कूळ व प्रतिष्ठा दाखविणारा आधार शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच सिद्ध झालेला आहे, हे आपल्या मुलांना सांगता आले पाहिजे. समाजाच्या साडेबारा शाखांची यादीही त्यांच्या टिपणांत आढळते.

ह्या सर्व संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे लिंगोची गाथा होय. एका परधान पुजाऱ्याच्या तोंडून ती उतरवून घेण्यात आली. सुमारे हजार ओळींच्या ह्या गाथेचे पाच भाग आहेत. सृष्टीची व गोंडांची उत्पत्ती, गोंडांना गुहेत कोंडून दारावर ठेवलेली प्रचंड शिळा, मोजक्याच भावांची सुटका, फुलातून झालेला लिंगोचा जन्म, भावांच्या मत्सरातून त्याचा झालेला घात व पुन्हा जीवनप्राप्ती, कोंडलेल्या बांधवांची मुक्तता, सगांची विभागणी, पेनांच्या पूजेची स्थापना आणि विवाहाचे विधी हे सारे तिच्यात क्रमाने येते. माघ पौर्णिमेस सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे जाणाऱ्या यात्रेकरूंना ह्या कथेचे अंतरंग निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगणे प्राप्त आहे. छापलेल्या गाथेत महादेव-पार्वतीचे प्रसंग बरेच आहेत. ते मूळचे किती व मागाहून मिसळलेले किती, ह्याविषयी समाजातील जाणत्यांत आजही मतभेद आहेत. शिवाय हिस्लॉप हे त्यांच्या काळाचे व त्यांच्या धर्माचे गृहस्थ होते. आपल्या श्रद्धांकडे ते श्रद्धावंताच्या नजरेने पाहत नव्हते. ज्या इंग्रजी सत्तेच्या छायेत त्यांचे कार्य चालले, त्याच सत्तेने २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबूराव शेडमाके ह्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. ह्या दोन्ही घटना एकाच दशकातल्या आहेत. एकीकडे आपला तरुण वीर फासावर चढत होता आणि दुसरीकडे त्याच राज्यकर्त्यांच्या देशातला एक धर्मोपदेशक आपली गाणी लिहून घेत होता. एक घटना दुसरीने पुसली जात नाही. इतिहासाचा विचार करताना दोन्ही समोर ठेवूनच कृतज्ञता व्यक्त करावी लागते आणि अशी डोळस कृतज्ञताच खरी असते.

मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला व त्यानंतर सर रिचर्ड टेंपल हे त्याचे मुख्य आयुक्त म्हणून आले. विद्येची आवड असलेले हे अधिकारी हिस्लॉप ह्यांच्या ज्ञानाची बूज राखीत. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे प्राचीन काळची शिळावर्तुळे आहेत. ती पाहण्यासाठी ४ सप्टेंबर १८६३ रोजी दोघेही तेथे गेले होते. पाहणी आटोपल्यावर टेंपल पुढे निघून गेले. हिस्लॉप मात्र गावातील शाळा तपासण्यासाठी मागे थांबले. सायंकाळी घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे एकटेच परतत असता वाटेतील नाल्याला पावसाचे पाणी चढले होते. अंधारात त्या पाण्याचा अंदाज आला नाही आणि त्यातच त्यांचा बुडून अंत झाला. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास केवळ चार दिवस उरले होते.

लिंगोगाथेत पूर आलेल्या नदीपाशी अडकलेल्यांना कासवाने पाठीवर घेऊन पैलतीरी नेल्याची कथा आहे. ती गाथा ज्यांनी जपली, त्यांना मात्र त्या नाल्यातून पार नेणारे कोणी भेटले नाही. दैवाची ही गती पाहून मन विषण्ण होते.

त्यांच्या मृत्यूसमयी आदिवासींविषयीचे सारे लेखन हस्तलिखित व अपूर्ण अवस्थेतच पडून होते. त्यांच्या मनात आणखी काय मांडायचे होते, ते त्यांच्याबरोबरच गेले. ते कागद विखुरले असते, वाळवीच्या मुखी पडले असते, तर आज आपणांस त्यांची वार्ताही लागली नसती. सुदैवाने टेंपल ह्यांनी ते जमवून, त्यांना टिपा व प्रस्तावना जोडून १८६६ साली नागपुरात ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गाथेचा गोंडी पाठ रोमन लिपीत व त्यासोबत इंग्रजी अर्थ अशी मांडणी त्यात आहे. पुढे १८७१ मध्ये जेम्स फोर्सिथ ह्यांनी मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ प्रदेशावरील आपल्या ग्रंथात ह्या गाथेचे इंग्रजी पद्यरूप दिले आणि तिची कीर्ती दूरवर गेली. हिस्लॉप ह्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र जॉर्ज स्मिथ ह्यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले.

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव आहे ते हिस्लॉप ह्यांचे व टेंपल ह्यांचे. ज्या परधानाच्या कंठातून ती हजार ओळींची गाथा बाहेर पडली, त्याचे नाव तेथे नाही. वस्तुतः तो गाणारा नसता तर लिहिणाऱ्याने काय लिहिले असते? आणि लिहिणारा नसता तर त्या कंठाबरोबर तो पाठही मातीस मिळाला असता. म्हणून हिस्लॉप ह्यांस वंदन करताना त्या अनाम परधानासही तितक्याच आदराने वंदन करावयास हवे. परधान बांधवांकडे कित्येकदा उपेक्षेने पाहिले गेले आहे. समाजाची स्मृती त्यांनीच वाहून आणली, हे ध्यानी घेतले तर ती उपेक्षा आपोआप गळून पडेल.

चरित्रे वाचावयाची ती केवळ स्तुती करण्यासाठी नव्हे, तर त्यांतून आपले कर्तव्य ओळखण्यासाठी. एका परक्या गृहस्थाने, निराळ्या हेतूने येथे येऊनही, आपल्या वडीलधाऱ्यांपुढे बसून ऐकले व टिपून ठेवले. आज आपल्या घरोघरी शिकलेली मुलेमुली आहेत. कोणी शिक्षक आहेत, कोणी वनखात्यात, कोणी जिल्हा परिषदेत नोकरीस आहेत. देवनागरी लिपी सर्वांस अवगत आहे, आवाज टिपून ठेवण्याची साधने खिशात आहेत. असे असता धानोरा, एटापल्ली, भामरागड, अहेरी, सिरोंचा, राजुरा, जिवती ह्या भागांत अजून जे भुमका, जे परधान, ज्या वृद्ध माता पेनांची गाणी, लग्नातली गाणी, गोटुलातल्या कथा सांगू शकतात, त्यांच्यापुढे बसण्यास आपणांस सवड मिळू नये काय? मात्र लिहून घेताना गाणाऱ्याचे नाव, त्याचे गाव व त्याचा सगा ह्यांची नोंद आवर्जून करावी. मागल्या वेळी जी उणीव राहिली, ती आपल्या हातून राहू नये.

नाला केव्हा भरून येईल, हे कोणास सांगता येत नाही. म्हणून जे ऐकले आहे ते आजच लिहून ठेवावे. प्रत्येक सभासद कुटुंबाने पुढील वर्षाच्या स्मरणिकेसाठी आपल्या घरातील ज्येष्ठांकडून निदान एक गीत वा एक कथा उतरवून पाठविली, तर रेव्हरंड हिस्लॉप व त्यांना गाथा सांगणारे परधान ह्या दोघांचेही उचित स्मरण होईल. दोघांच्याही स्मृतीस समाजाच्या वतीने विनम्र अभिवादन!